‘मी कोण?’ : पंधराव्या वर्षाचा प्रश्न

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका सहशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)





चिटणीससाहेबांनी मला वाढत्या वयातील मुलांविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी मानसशास्त्राचा पंडित नाही. आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी आणि इतिहास शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. परंतु दिवसातले पाच-सहा तास मी तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींत काढतो. तेव्हा पुस्तकातले थोडे आणि वर्गातले जास्त असे आपल्यापुढे ठेवतो.

एक प्रसंग सांगतो. नववीच्या वर्गाला मी निबंध दिला होता, ‘मी कोण होणार?’ विषय जुनाच आहे. डॉक्टर, इंजिनीअर, पोलीस अधिकारी अशी उत्तरे ठरलेली असतात. वह्या तपासताना एका मुलाची वही हाती आली. वर विषय सुवाच्य अक्षरात लिहिलेला, खाली रेघ मारलेली आणि पान कोरे. मुलगा आळशी नव्हता. मी त्याला वर्गात उभे केले आणि सर्वांसमोर बोललो. तो खाली मान घालून उभा राहिला. मधल्या सुट्टीत तो शिक्षकखोलीच्या दाराशी आला आणि म्हणाला, “सर, माझं ठरलेलं आहे. बारावी झाली की चाचांच्या दुकानात, मस्कतला. मग लिहायचं काय?”

त्या दिवशी मला लाज वाटली, हे मी आपल्यापुढे मोकळेपणाने कबूल करतो. चूक त्या मुलाची नव्हती. ज्याचे उत्तर इतरांनी आधीच देऊन टाकले होते, असा प्रश्न मी त्याला विचारला होता.

बंधुभगिनींनो, या वयात मुलांचे नेमके काय होते ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे या काळाला किशोरवय म्हणते. मुलींच्या शरीरात साधारण ८ ते १३ आणि मुलांच्या शरीरात ९ ते १४ या वर्षांच्या दरम्यान बदल सुरू होतात. उंची झपाट्याने वाढते, मुलांचा आवाज फुटतो, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, आरशासमोरचा वेळ वाढतो. हे सर्व आपल्याला डोळ्यांनी दिसते. जे दिसत नाही ते मेंदूत चाललेले असते. भावना उसळवणारे मेंदूचे भाग या वयात जोरात काम करू लागतात. पण त्यांना आवर घालणारा, पुढचा-मागचा विचार करणारा कपाळामागचा भाग विशी उलटल्यानंतरही पक्व होत राहतो. म्हणून काल शहाण्यासारखा वागलेला मुलगा आज ताट सरकावून उठतो. आपण म्हणतो, “पोरगं बिघडलं.” पुष्कळदा ते बिघडलेले नसते, वाढत असते.

याच वेळी मुलाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो: मी कोण? लहानपणी या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. मी अमक्याचा मुलगा, अमक्या मोहल्ल्यातला. पण शाळा, मित्र, बाजार, हातातला मोबाईल अशी जगाची एकेक खिडकी उघडत जाते आणि तेवढे उत्तर पुरेनासे होते.

मी स्वतः नववीत असतानाची गोष्ट आहे. माझे वडील कुवेतला होते, म्हणून पालक सभेला आई एकटी यायची. ती आमच्या घरची कोकणी बोली बोलायची, आजही बोलते. एका सभेत ती वर्गशिक्षकांशी बोलत असताना मागच्या बाकावरची दोन-तीन मुले तिच्या बोलण्याची नक्कल करून हसली. घरी जाताना वाटेत मी आईला म्हणालो, “पुढच्या सभेला तू येऊ नकोस.” ती काही बोलली नाही. पण दहावी होईपर्यंत ती पुन्हा शाळेत आली नाही.

त्याच वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी मुंबईला नातेवाइकांकडे गेलो. तिथली मुले उर्दू माध्यमात शिकणारी. माझे उर्दू ऐकून ती हसली. म्हणाली, “हा तर मराठीवाला!” शाळेत मी ‘मियाँ’ आणि मुंबईत ‘मराठीवाला’. दोन्हीकडे मी थोडा परकाच. शाळेत मी माझी बोली लपवायचो आणि मुंबईत माझे मराठी लपवायचो. लपवता लपवता स्वतःचे असे काय उरले, ते मला कळेना. आज वाटते, मला आईची लाज वाटत नव्हती. मी कोण हेच मला ठाऊक नव्हते. पण त्याची शिक्षा भोगली तिने.

पुढे बी.एड.च्या वर्षी शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरासाठी एरिक एरिक्सन या शास्त्रज्ञावर टीप पाठ केली. परीक्षा संपली आणि टीप विसरलो. शिक्षक झाल्यावर त्यांचे चरित्र वाचले, तेव्हा मी थक्क झालो. १९०२ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे त्यांचा जन्म झाला. आई डेन्मार्ककडची, यहुदी. खरे वडील कोण ते त्यांना कधीच कळले नाही. सावत्र वडील यहुदी डॉक्टर होते आणि तेच तुझे जन्मदाते, असे मुलाला सांगितलेले होते. मुलगा मात्र उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. यहुदी प्रार्थनास्थळातली मुले त्याला परका म्हणून चिडवत आणि शाळेतली जर्मन मुले त्याला यहुदी म्हणून चिडवत. शाळा संपल्यावर तो चित्रे काढत काही वर्षे गावोगाव भटकला. विद्यापीठाची पदवी त्याने कधीच घेतली नाही. पुढे १९२७ साली व्हिएन्नात एका लहानशा शाळेत तो शिक्षक झाला आणि तिथे मुलांच्या मनाचा अभ्यास सुरू केला. १९३३ साली तो अमेरिकेला गेला. १९३९ साली तिथले नागरिकत्व घेताना ‘एरिक्सन’ हे आडनाव त्याने स्वतः निवडले. आणि १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने जगाला सांगितले की, किशोरवयाचे मुख्य काम म्हणजे स्वतःची ओळख घडवणे.

एरिक्सन यांचे म्हणणे सोप्या शब्दांत असे. या वयात मुलाला थोडी मुदत हवी असते. शेतात पेरणीपूर्वी जमीन तापू देतात, तशी. या मुदतीत तो निरनिराळ्या गोष्टी करून पाहतो, आज हे आवडते म्हणतो, उद्या ते. त्यातून हळूहळू ‘हा मी’ असे काही जमते. जेम्स मार्शिया नावाच्या संशोधकाने १९६६ साली महाविद्यालयीन तरुणांच्या मुलाखती घेऊन हा विचार पुढे नेला. त्यांना काही तरुण असे आढळले की, ज्यांचे सर्व काही निश्चित होते, पण ते त्यांनी स्वतः शोधलेले नव्हते. वडीलधाऱ्यांनी दिलेले उत्तर त्यांनी तसेच खिशात घातले होते. अशी मुले वरून शांत दिसतात. पालकांना त्रास देत नाहीत. आपण त्यांना ‘गुणी’ म्हणतो.

हे वाचताना मला ते कोरे पान आठवले.

इथे माझ्या बोलण्याचा कुणी गैरसमज करून घेऊ नये. आखातातल्या नोकरीला मी नावे ठेवीत नाही. आपल्या कोकणातल्या कितीतरी आजोबांनी जहाजांवर नोकऱ्या केल्या. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात बांधकामे निघाली आणि आपली माणसे तिकडे गेली. त्या पैशातून घरांवर कौलांऐवजी स्लॅब आले, बहिणींची लग्ने झाली, मुलांच्या फिया भरल्या गेल्या. माझीही फी कुवेतहून येत असे. तेव्हा कृतघ्नपणा मी करणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, जाणे वेगळे आणि पाठवले जाणे वेगळे.

मुलींच्या बाबतीत तर कोरे पानही आपल्या हाती येत नाही. दहावीच्या एका हुशार मुलीला मी ‘माझी ओळख’ या विषयावर लिहायला सांगितले. तिने अकरा ओळी लिहिल्या. मी अमक्यांची मुलगी, अमक्याची बहीण, माझ्या आजीची लाडकी. वाक्ये सुंदर, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पण त्या अकरा ओळींत ‘मला आवडते’ असे एकही वाक्य नव्हते. नाती ही आपली श्रीमंती आहे, यात शंका नाही. पण ज्या मुलीला उद्या चार नाती सांभाळायची आहेत, तिला स्वतःचे मन ठाऊक असू नये काय?

आपल्या घरांत ‘बालिग’ हा शब्द सर्रास वापरला जातो. त्याचा अर्थ आपण नीट ध्यानात घ्यावा. मूल बालिग झाले की त्याचे नमाज-रोजे त्याच्या स्वतःच्या जबाबदारीचे होतात. त्याच्या कर्माचा हिशोब त्यालाच द्यायचा असतो. बाप त्याच्या वतीने देऊ शकत नाही. एवढी मोठी जबाबदारी ज्या वयात त्याच्यावर येते, त्या वयात आपण त्याला साधे विचारतही नाही की, “बाबा रे, तुला काय वाटतं?” जबाबदारी द्यायची आणि विचार करू द्यायचा नाही, हे न्यायाचे होईल काय? देशाच्या कायद्यानेही १९८९ पासून अठराव्या वर्षी मताचा अधिकार दिला आहे. जो मुलगा सरकार निवडू शकतो, त्याला आपला अभ्यासक्रम निवडण्याची सवय दोन-तीन वर्षे आधीपासून लावायला हवी.

पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, मुलांना चारचौघांत लाजवू नका. मी स्वतः ही चूक केली आहे, म्हणून सांगतो. दुसरी, आठवड्यातून एकदा तरी मुलाजवळ बसा आणि परीक्षेच्या गुणांखेरीज दुसऱ्या कशाविषयी बोला. वडील परदेशी असतील तर फोनवर “अभ्यास करतोस ना?” याच्या पुढे जा. तिसरी, मुलाने काही वेगळे सांगितले तर लगेच ‘हो’ म्हणा असे मी म्हणत नाही. पण ‘नाही’ म्हणण्यापूर्वी पूर्ण ऐका. नकाराचे कारणही त्याला सांगा. कारण सांगितलेला नकार मुले सहन करतात.

आता विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्याशी दोन शब्द. स्वतःला शोधणे म्हणजे घरच्यांशी भांडणे नव्हे, आणि मित्र जे करतील ते करणेही नव्हे. घरचे उत्तर टाकून मोबाईलवरचे उत्तर घेतले, तर तेही दुसऱ्याचेच उत्तर झाले. शिवाय, एकच ओळख निवडली पाहिजे आणि बाकीच्या पुसून टाकल्या पाहिजेत, असे तुम्हाला कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. बार्शीच्या एका मुस्लिम घरात १९१६ साली जन्मलेले मेहबूब पटेल पुढे शाहीर अमर शेख म्हणून प्रसिद्ध झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांनी आपल्या पहाडी आवाजाने गाजवल्या. मुसलमान आणि मराठी या दोन गोष्टी त्यांच्या गळ्यात एकत्र नांदत होत्या. तुमची घरची बोली, शाळेचे मराठी, मदरशातले अरबी, मुंबईचे उर्दू हे सर्व तुमचे आहे. त्यातले काही लपवू नका. मी लपवले होते; त्याची किंमत मला माहीत आहे.

त्या कोऱ्या पानाचे पुढे काय झाले ते सांगून मी आपली रजा घेतो. मी त्या मुलाला वही परत दिली आणि म्हणालो, “ठरलेलं लिहू नकोस. तुला काय आवडतं ते लिही.” आठ दिवसांनी त्याने दीड पान लिहून आणले. शाळा सुटल्यावर तो जेटीवर जात असे आणि होड्यांची इंजिने दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीजवळ बसत असे. कोणते इंजिन कसे आवाज करते, बिघाड आवाजावरून कसा ओळखायचा, हे त्याने असे लिहिले होते की मी दोनदा वाचले. त्याचे वडील रजेवर आले तेव्हा मी त्यांना बोलावून ती वही दिली. त्यांनी उभ्या उभ्या सगळे वाचले. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.”

ते मुलाविषयी बोलत नव्हते, स्वतःविषयी बोलत होते. सतराव्या वर्षी त्यांनाही असेच विमानात बसवले होते.

तो मुलगा आज आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करतो आहे. उद्या तो मस्कतला जाईल, मुंबईच्या गोदीत जाईल किंवा आपल्या जेटीवरच राहील, मला ठाऊक नाही. जाईल तिथे तो जाईल. त्याला कुणी पाठवलेले नसेल.

आणि पालक सभांविषयी एक शेवटचे. गेल्या वर्षी याच मेळाव्याला मी माझ्या आईला घेऊन आलो होतो. ती पहिल्या रांगेत बसली होती आणि शेजारच्या बाईंशी मोठ्याने, आपल्या बोलीत बोलत होती. आजही ती आली आहे.