सौंसरचे मँगनीज आणि युरोपचा कार्बन आकार

युरोपीय संघाची कार्बन सीमा समायोजन यंत्रणा, म्हणजे पोलाद, सिमेंट, खते इत्यादींच्या उत्पादनात निघालेल्या कार्बनच्या प्रमाणात आयातदाराकडून आकार घेण्याची व्यवस्था, १ जानेवारी २०२६ पासून निर्णायक टप्प्यात आली. मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यात मँगनीजचे साठे आहेत. असे कच्चे खनिज युरोपात गेल्यास हा आकार लागत नाही, परंतु तेच कोकसह भट्टीत वितळवून फेरोमँगनीज, म्हणजे पोलादाला कणखरपणा देणारा मिश्रधातू, केले की लागतो. रोजगार वाढवणाऱ्या प्रक्रियेवरच भार पडावा, हे अन्यायाचेच आहे. त्यातच करोनाकाळातील ७५० अब्ज युरोपर्यंतच्या संयुक्त कर्जाच्या परतफेडीकडे या आकाराच्या उत्पन्नाचा मोठा वाटा वळवण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने मांडला. मूळ देशात कार्बनसाठी मोजलेली किंमत मात्र या आकारातून वजा होऊ शकते, म्हणून भारताची २०२३ची कार्बन पत व्यापार योजना महत्त्वाची ठरते.