परदेशगमन आणि क्षयाची तपासणी
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



गतकाळाचे स्मरण व उपकारकर्त्यांचे आभार हे ज्युबिलीच्या सभेचे रूढ विषय होत, आणि माझ्या अगोदरच्या वक्त्यांनी ते यथायोग्य मांडले आहेत. मी येणाऱ्या काळाविषयी बोलणार आहे. आपल्या पिंपळगाव राजाच्या तरुणांची दृष्टी पूर्वी खामगाव, अकोला, फार तर मुंबईपर्यंत जात असे. हल्ली ती आखाती देश, इंग्लंड व कॅनडापर्यंत पोहोचते. कोणी परिचारिका म्हणून, कोणी शिक्षणासाठी, तर कोणी मजुरीसाठी जाऊ इच्छितो. या सर्वांच्या वाटेवर वैद्यकीय तपासणीचा एक अरुंद दरवाजा आहे, आणि त्यात पुष्कळांना अडविणारा रोग म्हणजे क्षय होय. या तपासणीचे स्वरूप ठाऊक नसल्यामुळे घरे कर्जबाजारी होतात व निरपराध माणसे तोंड लपवू लागतात. म्हणून हा विषय मी आज मुद्दाम निवडला आहे.

प्रथम तपासणीत काय करितात ते पाहू. इंग्लंडला सहा महिन्यांहून अधिक काळ राहावयास जाणाऱ्या भारतीयास, त्या सरकारने नेमून दिलेल्या दवाखान्यातून क्षय नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. हा दाखला सहा महिनेच चालतो. पूर्वी ही तपासणी तिकडील विमानतळावर उतरल्यानंतर होत असे; 2012 साली ती प्रस्थानापूर्वीच व्हावी असे ठरले. अकरा वर्षे व त्यावरील व्यक्तीच्या छातीचे क्ष-किरण चित्र काढितात. ते निर्दोष असल्यास काम तेथेच संपते. त्यात डाग दिसल्यास लागोपाठ तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि त्यांतील जंतू प्रयोगशाळेत वाढतात की काय, याची वाट पाहतात. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढणारा असल्यामुळे या कामी दोन महिने लागू शकतात. तेव्हा 'वाट पाहा' असे उत्तर मिळाले, तर ते 'नाही' असे उत्तर नव्हे, हे ध्यानात ठेवावे. गरोदर स्त्रीने आपली अवस्था डॉक्टरांस अगोदर सांगावी. तिच्यासाठी क्ष-किरणांऐवजी थुंकीच्या तपासणीची सोय असते.

कोणी विचारील की, परक्या देशाने आमच्या छातीत डोकावण्याचे कारण काय? जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश एकट्या भारतात आहेत, आणि रोग हवेतून पसरतो. घरधन्यास आपले दार राखण्याचा अधिकार आहे, हे न्यायाने कबूल केले पाहिजे. परंतु रोग नेहमी पाहुणाच घेऊन येतो, असेही नाही. आपल्या आनंदीबाई जोशी 1883 साली वैद्यकी शिकण्यास अमेरिकेस गेल्या, 1886 साली पदवी घेऊन परतल्या, आणि 1887 च्या फेब्रुवारीत वयाच्या एकविसाव्या वर्षी पुण्यास क्षयाने निवर्तल्या. जाताना विद्येची आस घेऊन गेलेली ती मुलगी येताना पदवीबरोबर खालावलेली प्रकृती घेऊन आली. हा रोग कोण्या एका जातीचा वा देशाचा नाही. जेथे दाटीची वस्ती, अपुरे अन्न व कोंदट हवा असेल, तेथे तो शिरतो.

दार राखण्याचा अधिकार आहे खरा, पण दाराशी आलेल्या आजाऱ्याचे काय करावयाचे, हा पुढचा प्रश्न आहे. अमेरिकेने 1907 च्या कायद्यात क्षयरोग्यांचे नाव घालून त्यांस मज्जाव केला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील निर्वासितांच्या छावण्यांत तर एकाच्या फुफ्फुसावरील डागामुळे सबंध कुटुंबाची वाट अडे. बापास सोडून पुढे जावे की सर्वांनी मागे राहावे, असा पेच लेकरांपुढे पडत असे. त्याच युद्धकाळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांस आसरा मिळाला होता. ते बहुतेक आपल्याच कॅथोलिक धर्माचे लोक होते. 1943 पासून 1948 पर्यंत ती वसाहत नांदली, आणि अशक्त मुलांच्या प्रकृतीसाठी पाचगणीच्या हवेचा उपयोग करण्यात आला. पुढे 1959-60 हे जागतिक निर्वासित वर्ष म्हणून पाळले गेले. त्या निमित्ताने कॅनडाने आपला नियम बाजूस ठेवून तीनशेहून अधिक क्षयी निर्वासितांस कुटुंबांसह नेले व त्यांच्यावर उपचार केले. मन असल्यास नियमातूनही वाट निघते, याचा हा दाखला होय.

पुढे नियमही सुधारला. थायलंडमधील एका आश्रयस्थानातून अमेरिकेस निघालेल्या मोंग निर्वासितांत औषधांस न जुमानणारा क्षय आढळला आणि 2005 साली त्यांचे प्रस्थान काही काळ थांबवावे लागले. तेव्हा थुंकी केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे पुरे पडत नाही, हे सर्वांना पटले. 2007 च्या नव्या सूचनांनी जंतू वाढवून पाहण्याची तपासणी आणली, आणि रोग आढळल्यास प्रस्थानापूर्वी देखरेखीखाली पूर्ण उपचार करण्याचे ठरविले. उपचार संपले व जंतू गेले की दार उघडते. मज्जावाकडून औषधाकडे अशी ही वाटचाल आहे, आणि तपासणीचे समर्थन याच वाटेने होऊ शकते. जी तपासणी रोगी शोधते आणि त्यास तसाच परत लोटून देते, ती अर्धेच काम करते. तो आजारी माणूस आपल्याच घरी, आपल्याच लेकरांत परत येतो.

आखाती देशांत मात्र नियम अधिक कडक आहे. पूर्ण बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा वण चित्रात दिसला, तरी नव्याने जाणाऱ्यास 'अपात्र' ठरविले जाते. ज्याच्यापासून कोणासही धोका नाही, त्याची भाकर हिरावणारा हा नियम मला न्याय्य वाटत नाही. परंतु तो आहे, आणि आपल्या तरुणांस त्याची माहिती हवी. आपल्याकडे बहुधा उलट घडते. दलालास पैसे अगोदर जातात, त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडतात वा शेताचा तुकडा जातो, आणि तपासणी शेवटी होते. यास्तव माझी पहिली विनंती अशी की, कोणासही एक रुपया देण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात छातीचे चित्र काढून घ्यावे. दुसरी अशी की, पूर्वी क्षय झाला असल्यास उपचाराची कागदपत्रे व जुनी चित्रे जपून ठेवावी. जुन्या चित्राशी नवे ताडून पाहिले म्हणजे डॉक्टरांस वण व रोग यांतील भेद कळण्यास साहाय्य होते. तिसरी अशी की, आपल्या ऐवजी दुसऱ्यास यंत्रापुढे उभे करण्याचा किंवा दाखला विकत घेण्याचा सल्ला कोणी दिल्यास त्याचे ऐकू नये. ते असत्य तर आहेच. शिवाय खरोखर रोग असल्यास तो परदेशी एकाच खोलीत निजणाऱ्या दहा सोबत्यांस लागेल.

आता रोगाविषयी. जगातील सुमारे चतुर्थांश लोकांच्या शरीरात हे जंतू निद्रिस्त असतात. त्यांपैकी शंभरात पाच ते दहा जणांसच पुढे केव्हातरी रोग होतो, आणि जंतू निजलेले असेतोवर त्यांच्यापासून दुसऱ्यास बाधा होत नाही. साधा क्षय नियमित औषधांनी सहा महिन्यांत बरा होतो. औषधे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात. पोषणासाठी रोग्यास 2018 पासून महिना 500 रुपये मिळू लागले व नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. रोग्यास घराबाहेर काढण्याचे तर मुळीच कारण नाही. 1956 साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात असे सिद्ध झाले की, घरी राहून औषध घेणारा रोगी आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, आणि त्यामुळे घरच्यांस अधिक बाधा होत नाही. ही गोष्ट आपल्याच गरीब लोकांनी जगास शिकविली.

तथापि शास्त्राने जे सिद्ध केले, ते आपल्या ओट्यावर अद्याप पोहोचलेले नाही. मुलगा मुंबईहून तपासणी करून परतला आणि गेला नाही, की कुजबुज सुरू होते. मुलीचे असल्यास तिच्या लग्नाची बोलणी थांबतात. मग घरचे लोक चित्र पेटीत दडवितात, औषध अर्धवट सुटते, आणि सहा महिन्यांत जाणारा रोग हट्टी होऊन बसतो. बंधुभगिनींनो, परक्या देशाचा अधिकारी आपल्या माणसास दारात अडवितो, याचा आपल्याला राग येतो. परंतु तो अडवितो कागदावर. आपण आपल्याच माणसास पंगतीत, पाणवठ्यावर व सोयरिकीत अडवितो. या दोहोंत अधिक कठोर कोण?

लिझ्यूची संत तेरेझा हिला दूर हनोईच्या मठात जाण्याची फार उत्कंठा होती. क्षयाने तिची वाट रोखली, आणि 1897 साली चोविसाव्या वर्षी ती मठातच निवर्तली. मठाबाहेर मिशनकार्यास एकदाही न गेलेल्या त्या मुलीस ख्रिस्तसभेने 1927 साली सर्व मिशनांची आश्रयदात्री केले. तिच्या काळी औषध नव्हते. आज ते खामगावी फुकट मिळते. तेव्हा ज्यांचे जाणे राहिले त्यांस मी एवढेच सांगतो की, औषध पुरे करा. जाणे झाले तर उत्तम. न झाले तरी तुमच्या मोलात काडीचीही उणीव येत नाही. आणि इतरांस सांगतो की, असा मुलगा वा अशी मुलगी परत आली, तर पुढच्या रविवारी मिस्सेनंतर तिच्या घरी जा, ओट्यावर बसा आणि तिच्या हातचा चहा घ्या.

परमेश्वर आपणां सर्वांस आरोग्य देवो.