तेराव्यानंतरच्या रात्री



अध्यक्षपदाच्या या खुर्चीवरून आपल्या व्यवसायाच्या भवितव्यावर बोलायची प्रथा आहे. मी आज एकच विषय घेणार आहे: घरातलं माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांची झोप, आणि तिच्यासाठी आपण डॉक्टर, समुपदेशक, परिचारिका काय करतो.

बहुतेकदा आपण गोळी देतो. कधी ती आपल्याआधीच पोचलेली असते. भेटायला आलेला एखादा नातेवाईक स्वतःच्या पाकिटातली अल्प्राझोलाम काढतो आणि म्हणतो, "आज एवढी घ्या, शांत झोप लागेल." यामागे माया असते, यात शंका नाही. पण ज्या शोकग्रस्त माणसाला मानसिक आजार नाही, त्याला अल्प्राझोलामच्या गटातली औषधं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालीच सांगितलं आहे. गोळीने दुःख हलकं होत नाही. तिची सवय मात्र लागते, आणि सत्तरीतली बाई रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडून घेते.

पहिल्या काही रात्रींची सोय आपल्या चालीरीतींनी फार शहाणपणाने केली आहे. गेलेल्या माणसाच्या जागी दिवा तेवत असतो, हॉलमध्ये सतरंज्यांवर माणसं झोपलेली असतात, शेजारून पिठलं-भात येतो. केव्हाही जाग आली तरी कुणीतरी जागं सापडतं. मग तेरावा होतो, गोड जेवण होतं आणि बॅगा भरून मंडळी निघतात. झोपेची खरी परीक्षा तिथून सुरू होते, आणि नेमकी तेव्हाच आपलीही विचारपूस थांबते. पुढे ती व्यक्ती दवाखान्यात येते तेव्हा ॲसिडिटी, डोकं जड, बीपी असं काहीतरी सांगते. रात्रीबद्दल आपण विचारलं नाही, तर ती आपणहून बोलत नाही.

आजाऱ्याची दीर्घ सेवा केलेल्यांकडे मी विशेष लक्ष वेधतो. नवऱ्याला रात्री दोन वाजता औषध द्यायचं, कूस बदलून द्यायची, असं वर्षभर केलेली बाई तो गेल्यावरही दोनला उठते. उठल्यावर तिच्या हातांना काम नसतं. तिला एवढंच सांगावं, की तुमचं शरीर अजून सेवेत आहे, त्याला थोडा वेळ द्या. या एका वाक्याने सुटकेचा श्वास टाकणारी माणसं मी पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट आहे. अर्धवट झोपेत गेलेल्याचा आवाज येतो, पावलं वाजतात, कुणी उशाशी बसल्यासारखं वाटतं. आपल्याकडे याला बाधा म्हणतील किंवा वेड म्हणतील, या भीतीने लोक गप्प राहतात. वेल्समधले डॉक्टर ड्यूई रीस यांनी १९७१ साली २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. जवळजवळ निम्म्यांना जोडीदाराचं अस्तित्व जाणवलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. म्हणून आपणच विचारावं, आणि तोंडावर आश्चर्य दाखवू नये.

आता उपायांकडे येतो. मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली मांडलेलं सूत्र इथे फार उपयोगी पडतं. निद्रानाश ज्या कारणाने सुरू होतो, त्याच कारणाने तो टिकतो असं नाही. टिकतो तो मधल्या काळात लागलेल्या सवयींमुळे. घर रिकामं म्हणून आठलाच अंथरुणात जाणं, दुपारी दोन तास लवंडणं, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर चहा घेणं, पहाटेपर्यंत घड्याळ बघत पडून राहणं. दुःख हटवणं आपल्या हातात नाही, हे बदलणं आहे. उठायची वेळ रोज एकच ठेवावी, सकाळी उन्हात फिरावं, झोप आली की मगच आडवं व्हावं. झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसावं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन १९७२ पासून हेच सांगत होते. अंथरुणातले तास मोजून कमी करण्याचा कडक उपचार मात्र पहिल्या महिन्यांत कुणावर लादू नये, असं माझं मत आहे. आणि आईच्या भल्यासाठी म्हणून पलंग हलवणाऱ्या मुलांना सांगा, आधी तिला विचारा. कुणाला तीच जागा हवी असते, कुणाला ती बघवत नाही.

"त्यांच्यामागे मलाही जायचंय" हे वाक्य मात्र दुःखाचा भाग समजून सोडून देऊ नका. थेट विचारा, घरच्यांना सावध करा, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरात दिसेल असा लिहून ठेवा. आणि जे वर्षानुवर्षं गोळीवर आहेत, त्यांची गोळी एका दिवसात तोडू नका; आठवड्या-आठवड्याने उतरवा.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. मृत्यूचा दाखला आपल्यापैकीच कुणीतरी लिहितो, म्हणजे तारीख आपल्याला ठाऊक असते. तो लिहितानाच डायरीत सव्वा महिन्यानंतरची तारीख टाकावी आणि त्या दिवशी त्या घरी फोन करून रात्री कशा जातात ते विचारावं. ग्रामीण भागात हे काम आशाताईंच्या मदतीने कसं होईल, आणि त्याचा त्यांना मोबदला कसा मिळेल, यावर आपण सर्वांनी सूचना कराव्यात, अशी माझी विनंती आहे.