सफोक पंच : एकाच बापाची अख्खी जात

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर पाच-सहा मिनिटं मला द्या. आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज घोडा. हसू नका, ऐका तर खरं.

गेल्या वर्षी कंपनीनं मला सात महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं. लंडनला नाही बरं का, इप्सविचला. सफोक नावाच्या परगण्यातलं हे गाव. तिथल्या इप्सविच टाऊन या फुटबॉल क्लबच्या बोधचिन्हावर एक घोडा आहे, १९७२ पासून. मला वाटलं, कुठं सिंह असतो, कुठं गरुड असतो, तसा हा घोडा. तर टीममधला एकजण म्हणाला, "हा कुठलाही घोडा नाही. हा आमचा सफोक पंच आहे."

मग एका रविवारी मी तो बघायला गेलो. गावाचं स्पेलिंग वाचून मी 'हॉलेस्ले' म्हणत होतो, तिथली माणसं म्हणतात 'होझली'. असो. कुंपणापलीकडं घोडा उभा होता आणि माझी पहिली प्रतिक्रिया काय होती सांगू? "अरे, हा तर ट्रॅक्टर आहे!"

उंची साधारण १६५ ते १७८ सेंटिमीटर, आणि ही उंची खांद्यापाशी मोजतात, डोकं वेगळं. वजन ९०० ते १००० किलो. म्हणजे आपल्या एखाद्या छोट्या कारएवढं. छाती पिंपासारखी, मान जाड, आणि त्या मानानं पाय आखूड. जुन्या इंग्रजीत बुटक्या, दणकट माणसाला 'पंच' म्हणायचे, त्यावरून हे नाव. ठोसा मारतो म्हणून नव्हे.

रंग एकच, तांबूस. त्यात गडद काळपट ते लिंबासारखी फिकी अशा सात छटा मानतात, पण काळा किंवा पांढरा सफोक मिळायचा नाही.

आता सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट. शायर किंवा क्लाइड्सडेल या ब्रिटनमधल्या दुसऱ्या अवजड घोड्यांचे फोटो बघा. त्यांच्या खुरांपाशी झालरीसारखे लांब केस असतात. सफोकचे पाय जवळजवळ साफ. का? मी त्या दिवशी तिथूनच आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, व्हिडिओ कॉल लावला. आमचं गाव सांगोला तालुक्यात, आबांचा सगळा जन्म खिलार बैलांत गेला. त्यांनी घोडा नीट निरखला आणि विचारलं, "माती कसली हाय रं तिथं?" म्हटलं, चिकण माती. म्हणाले, "मग बराबर हाय की. पायाला केस असतं तर चिखूल धरला असता."

मंडळी, मी हे कळायला तीन लेख वाचले होते. आबांनी दहा सेकंदांत सांगितलं! पूर्व इंग्लंडची ती जड, चिकट जमीन नांगरायला हा घोडा घडवला. दिवसभर ओढणारा, कमी चाऱ्यात भागवणारा, स्वभावानं गरीब. जुन्या काळी जत्रेत त्याची परीक्षा कशी घ्यायचे माहितीये? पडलेल्या मोठ्या झाडाला जुंपायचे. झाड हललं नाही तरी चालेल, पण घोडा गुडघ्यावर येईपर्यंत जोर लावतो का, एवढंच बघायचे. निकाल नाही, नियत तपासायची.

आता याचा उगम. विल्यम कॅम्डेनच्या १५८६ च्या 'ब्रिटानिया' या ग्रंथात पूर्वेकडच्या या कामाच्या घोड्यांचा उल्लेख येतो. पण खरी गंमत १७६८ मध्ये आहे. त्या साली उफर्ड गावच्या थॉमस क्रिस्प यांच्याकडं एक शिंगरू जन्मलं. आज जगातला कुठलाही शुद्ध सफोक पंच घ्या, बापाच्या बाजूनं मागं मागं जा, शेवटी या एकाच घोड्यापाशी पोचता. बाकीच्या सगळ्या नर-शाखा संपल्या. १८७७ मध्ये सफोक घोड्यांची संस्था निघाली आणि १८८० मध्ये हर्मन बिडेल यांनी वंशावळींचं पहिलं पुस्तक काढलं. म्हणून तर हे आपल्याला माहीत आहे. मी याला काय म्हणतो? व्हर्जन हिस्टरी एक नंबर, बॅकअप शून्य.

आणि मग सिस्टिम पडली. तिथले शेतकरी हे घोडे बाहेर फारसे विकायचे नाहीत. आपल्याच शेतावर राबवायचे. त्यामुळं जात शुद्ध राहिली, पण पसरली नाही. त्यात त्या भागात शेतं मोठी, सपाट, म्हणून ट्रॅक्टर तिथं लवकर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर घोडे झपाट्यानं गेले. कित्येक थेट खाटकाकडं. १९६६ साली अख्ख्या वर्षात नोंद झालेली शिंगरं किती? नऊ. आपल्या एका स्कूल व्हॅनमध्ये यापेक्षा जास्त पोरं असतात.

तिथून काही हट्टी माणसांनी ही जात ओढून आणली. मी गेलो होतो तो होझलीचा तबेला कित्येक वर्षं तुरुंगाच्या शेतीचा भाग होता, कैदी पोरं हे घोडे सांभाळायची. २००६ मध्ये तो एका ट्रस्टकडं आला. २०२० मध्ये लिंगनिवड केलेलं वीर्य वापरून एक मादी शिंगरू जन्माला घातलं, कारण माद्या वाढल्याशिवाय जात वाढत नाही. तरी आजही ब्रिटनच्या दुर्मिळ जातींच्या यादीत सफोक सगळ्यात धोक्याच्या वर्गात आहे. जवळच्या नात्यातलं प्रजनन ही कायमची डोकेदुखी. अमेरिकेत त्यावर उपाय म्हणून मर्यादित प्रमाणात बेल्जियन घोड्यांशी संकर मान्य केला. मग प्रश्न उरतोच, रक्त बदललं तर जात तीच राहते का?

मी हे सगळं आबांना उत्साहानं सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आता त्याला काम काय हाय?"

म्हटलं, जंगलातनं लाकूड ओढतात थोडंफार, प्रदर्शनं असतात, लोक बघायला येतात. ते म्हणाले, "बघायला." एवढंच. आणि गप्प बसले.

तेव्हा मला आठवलं. मी बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला होतो, त्या वर्षी आम्ही ट्रॅक्टर घेतला आणि आबांनी खिलारांची जोडी विकली. मला फोनवर सांगितलं होतं. मी "बरं झालं, कटकट गेली" म्हणालो होतो. परीक्षा चालू होती माझी. त्या बैलांची नावंसुद्धा मी नंतर कधी विचारली नव्हती.

त्या दिवशी विचारली. सरदार आणि पाखऱ्या. मग आबा चाळीस मिनिटं बोलत होते. चाळीस! कुंपणापाशी उभं राहून माझी बोटं गारठली, पण कॉल मी कट केला नाही.

ट्रॅक्टर घेतला ते चुकलं असं मी म्हणत नाही, आबाही म्हणत नाहीत. गुडघे दुखत होते त्यांचे. पण काम संपलं की जनावर संपतं, आणि जनावराबरोबर ते सांभाळायची अक्कलही जाते. बिडेलसाहेबांनी घोडे भरपूर होते तेव्हाच वह्या भरल्या, म्हणून नंतर नऊ शिंगरांतून काही उभं करता आलं. नोंद आधी करावी लागते, मंडळी. प्रॉडक्शन पडल्यावर डॉक्युमेंटेशन लिहायला बसून उपयोग नसतो.

तर या आठवड्यात एक काम करा. घरात कुणी बैल, घोडे, म्हशी सांभाळलेलं असेल, तर त्यांच्यासमोर फोन ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि जनावरांची नावं विचारा. बाकी ते आपणहून सांगतील. ऑडिओ मला पाठवलात तर आनंदच आहे, नाही पाठवलात तरी जपून ठेवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!