प्रीती आणि पगार



विनोदी नाटकाचा शेवट बहुधा लग्नात होतो. अक्षता पडल्या की आपण समाधानाने खुर्चीवरून उठतो. पुढे भांडी कोणी घासावयाची, हे नाटककार सांगत नाही. आज मी ज्या जपानी मालिकेविषयी बोलणार आहे, तिचा आरंभच या प्रश्नापासून होतो.

२०१६ साली जपानच्या टीबीएस दूरचित्रवाणीवर ही मालिका अकरा भागांत दाखविली गेली. उमिनो त्सुनामी या लेखिकेची चित्रकथा हा तिचा आधार. ‘पळून जाणे लाजिरवाणे खरे, पण उपयोगाचे’ असा तिच्या नावाचा अर्थ. ही म्हण मुळात हंगेरीतली.

नायिका मिकुरी मानसशास्त्रातील उच्च पदवी घेतलेली. पण तिला मिळते ती कंत्राटी नोकरी, आणि तीही जाते. मग पस्तिशीतील एकट्या हिरामासाच्या घरी ती घरकामाला लागते. आईवडील बिऱ्हाड दूर हलवावयास निघतात, तेव्हा ती त्याला सुचविते, ‘मला बायको म्हणून नोकरीवर ठेवा!’ जगाच्या दृष्टीने लग्न, दोघांच्या दृष्टीने करार; महिना १ लाख ९४ हजार येन पगार.

आपण हसलात, आणि हसावे असेच ते आहे. पण या हसण्याच्या मुळाशी इतिहास आहे. जपानमध्ये १९८५ साली स्त्री-पुरुषांना नोकरीत समान संधी देणारा कायदा झाला. त्याच वर्षी कंत्राटी कामगार पुरविण्यास मान्यता देणाराही झाला. एक दार उघडले. शेजारचे अरुंद दारही उघडले, आणि असंख्य स्त्रिया त्या दुसऱ्या दारानेच आत गेल्या. बरे, ज्या पहिल्या दाराने गेल्या, त्या तरी सुखी झाल्या काय? मिकुरीची मावशी युरी प्रसाधनांच्या कंपनीत मानाच्या जागेवर आहे; परंतु एकोणपन्नास वर्षांची अविवाहित म्हणून टोमणे तिच्या वाट्याला येतातच.

आता खरी मेख पाहा. करारातून दोघांत खरीखुरी प्रीती जमते. दहाव्या भागात हिरामासा लग्नाची मागणी घालतो आणि हिशेब मांडतो : लग्न झाले की तिचा पगार वाचेल, तो शिल्लक टाकता येईल! मिकुरी चमकते. काल ज्या स्वयंपाकाला मोल होते, तो आज प्रेम जडले म्हणून फुकट कसा झाला? प्रेमाच्या नावाखाली ही पिळवणूकच नव्हे काय, असे ती विचारते.

हा हिरामासा दुष्ट नाही, हे ध्यानात घ्या. तो सज्जन आहे, आणि म्हणूनच प्रश्न बोचतो. सज्जन माणसालाही हे फुकटपण स्वाभाविक वाटते. अखेरीस दोघे मालक-नोकर हे नाते टाकतात आणि संसाराचे समान भागीदार होतात. घरची कामे वाटून घेतात, चुकतात, भांडतात, पुन्हा बैठक भरवितात.

घरोघर बायकोला पगार द्यावा, असे या कथेचे सांगणे नाही. प्रीतीचा हिशेब ठेवू नये, हे मलाही मान्य आहे. परंतु कष्टांचा हिशेब मांडल्याने प्रीती आटते, ही समजूत कोणाच्या सोयीची आहे, एवढे आपण घरी जाऊन पाहावे.