आलेखाची साक्ष



व्यापारी दाव्यांतील तज्ज्ञांच्या साक्षीसाठी आलेख व तक्ते सिद्ध करणे, हा माझा व्यवसाय. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ मध्ये तज्ज्ञाच्या मताला स्थान आहे. आलेख त्या मताचा केवळ सेवक. ९६ आणि १०० लाखांचे स्तंभ शून्याऐवजी ९५ पासून उभारले, तर दुसरा पहिल्याच्या पाचपट उंच दिसतो. आकडे खरे, चित्र मात्र फसवे! उलटतपासणीत हे उघडे पडले, की तज्ज्ञाच्या रास्त मतावरचाही विश्वास उडतो. म्हणून प्रत्येक रेघेला दाखल कागदपत्राचा आधार हवा. आलेखाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहिले नाही, तर बृहन्महाराष्ट्रातील या शाळेत गुण कापले जात. ती शिस्त न्यायासनासमोरही तितकीच आवश्यक आहे.