पाणवठ्यावरचे यजमान



आफ्रिकेच्या रानात मुक्कामाला निघालेल्या परदेशी प्रवाशाच्या मनात एक चित्र पक्के असते : कंदिलाचा मंद उजेड, दूरवर सिंहाची डरकाळी आणि पांढऱ्या डगल्यातला अदबशीर नोकर. ते रान कोणाचे, हा प्रश्न त्या चित्रात बसत नाही. माउंट केन्याच्या उत्तरेस, लैकिपिया पठाराच्या कडेला इल न्ग्वेसी येथे १९९६ साली सुरू झालेल्या अतिथिगृहात मात्र तो टाळता येत नाही. तेथे स्वयंपाकी, वाटाडे, व्यवस्थापक आणि मालक एकाच मसाई समाजातले आहेत.

जागा साधी आहे. गवताने शाकारलेल्या सहा कुट्या. दरीकडची बाजू भिंतीवाचून मोकळी. काही कुट्यांतला पलंग चाकांवर आहे, तो ओट्यावर ओढून उघड्या आभाळाखाली निजता येते. खाली पाणवठ्यावर हत्ती येतात. दिवे सूर्याच्या बळावर लागतात. उत्पन्नातून शाळा, शिष्यवृत्त्या, दवाखाना आणि रानाचे राखणदार यांचा खर्च निघतो. २००२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर पारितोषिक’ या समाजाला मिळाले.

परंतु या ओट्यावरून दिसणाऱ्या कुरणांचा इतिहास इतका सुखाचा नाही. १९०४ च्या कराराने ब्रिटिशांनी मसाईंकडून रिफ्ट खोऱ्यातील उत्तम चराई घेतली आणि बदल्यात लैकिपिया कायमचे देऊ केले. हे ‘कायमचे’ सात वर्षे टिकले. १९११ च्या दुसऱ्या कराराने लैकिपियाही गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी मोकळे करण्यात आले आणि माणसे, गुरे दक्षिणेकडे हाकलली गेली. मसाईंनी न्यायालयात धाव घेतली. १९१३ साली निकाल लागला : हे करार दोन सत्तांमधले, त्यांत दाद देण्याचा न्यायालयाला अधिकार नाही. ज्या सत्तेने कुरणे बळकावली, तिनेच मसाईंना घटकाभर परराष्ट्र मानले. तेही दाद नाकारण्यापुरते!

पठाराच्या रुक्ष कडेला काही पशुपालक गट टिकून राहिले. स्वातंत्र्यानंतर १९६८ च्या कायद्याने अशा गटांना चराईभूमीची सामायिक मालकी नोंदवता आली. अतिथिगृह उभे आहे ते या सामायिक सातबाऱ्यावर, असे म्हणावयास हरकत नाही. तो नसता, तर याच माणसांच्या वाट्याला केवळ पांढरा डगला आला असता.

तथापि मालकी मसाईंची असली तरी भांडवलाचा मोठा भाग अनुदानांतून आला. शेजारच्या लेवा संरक्षित क्षेत्राचा, म्हणजे एकेकाळच्या गोऱ्या कुटुंबाच्या पशुक्षेत्राचा, त्यास हातभार लागला. गिऱ्हाईक तर बहुतांशी समुद्रापलीकडचे. २५ मार्च २०२० रोजी केन्याने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबवली. ती १ ऑगस्टला पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीपासून पावसाचे पाच हंगाम ओळीने हुकले. पाहुणा नाही आणि चाराही नाही, अशा वेळी राखून ठेवलेले गवत हत्तींचे की गाईंचे, हा वाद तात्त्विक उरत नाही.

तो मिटवणार कोण? जुन्या व्यवस्थेत सदस्य म्हणून नोंद होई ती प्रामुख्याने कुटुंबप्रमुख पुरुषांची. २०१६ च्या सामुदायिक भूमी कायद्याने समाजाच्या सभेत प्रौढ स्त्रीलाही समान स्थान दिले आहे. पाणी वाहून आणणारी तीच. दुष्काळात गवत कोणाला द्यायचे, यावर आता तिचेही मत मोजावे लागेल.